कानामागची नळी

माझ्या मुलीच्या उजव्या कानामागे, केसांच्या आत, एक छोटा उंचवटा आहे. बोट लावलं तर कातडीखाली रबराची गुंडी असावी तसा लागतो. तिथून एक बारीक नळी मानेवरून, गळ्याच्या हाडावरून उतरत पोटात जाते. तिने मान वळवली की ती दोरीसारखी वर येते. नळीचं दुसरं टोक कवटीतल्या भोकातून मेंदूच्या मधल्या पोकळीत गेलेलं आहे. तिथे प्रत्येकाच्याच डोक्यात पाणी तयार होतं आणि आपोआप वाहून जातं. माझ्या मुलीच्या डोक्यात जन्मापासून त्याची वाट बंद आहे, म्हणून ते पाणी ही नळी पोटात नेऊन सोडते. नळी चालू आहे तोवर ती इतर मुलींसारखी आहे. पळते, भांडते, अभ्यासाला कंटाळते. नळी बंद पडली तर पाणी साठतं आणि मेंदूवर दाब येतो.

पहिल्यांदा ही गोष्ट लक्षात आली ती माझ्या सासूबाईंच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. सोनईला आमच्या घरी मुलीला न्हाऊ घालायचं काम त्यांचं होतं. मुलगी तेव्हा काही महिन्यांची होती. टाळूवर तेल जिरवता जिरवता त्यांचा हात थांबला.

"बघ गं जरा," त्या म्हणाल्या. "टाळू वर आल्यावानी लागतीय. आन् डोळं बी खालीच लावतीय सारखी."

मी हात लावून पाहिलं. टाळू मऊ असते, ती ताणलेली होती. मुलीच्या बुबुळांच्या वर पांढरं दिसत होतं, जणू ती सतत आपल्याच गालांकडे बघत होती. त्याच दिवशी आम्ही तिला नगरला नेलं. तपासण्या झाल्या आणि मेंदूच्या सर्जनांनी आम्हाला समोर बसवून ऑपरेशन समजावून सांगितलं. त्यांनी टेबलाच्या खणातून नमुन्याची एक नळी काढून माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. नवऱ्याने ती बोटांत फिरवून बघितली आणि माझ्याकडे दिली.

"सिलिकॉन," मी म्हणाले.

"तुम्हाला माहितीये?" डॉक्टरांनी विचारलं.

"हिची पीएचडी ह्याच्यातलीच हाय," नवरा जरा अभिमानाने म्हणाला. तो ऊस आणि कांदा करणारा शेतकरी माणूस. माझं शिक्षण त्याला नेमकं कळत नव्हतं, पण त्याचं त्याला कौतुक होतं. परत येताना गाडीत तो म्हणाला, "बरं झालं, तुला ह्यातलं कळतं. एवढाच आधार हाय."

मला तो आधार वाटला नाही. मला त्या टेबलापाशीच धडकी भरली होती.

लग्नाआधी मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत जे काम करत होते ते असल्याच नळ्यांसाठी होतं. शरीरात बाहेरची कुठलीही वस्तू घातली की सगळ्यात आधी तिच्यावर प्रथिनं येऊन चिकटतात. डोळ्याला दिसणार नाही इतका पातळ थर बसतो. मग त्या थरावर पेशी येतात, कधी जंतू येतात, आणि थर वाढत जातो. आम्ही तो पहिला थरच बसू नये म्हणून धडपडत होतो. त्यासाठी पृष्ठभागावर लांब रेणूंच्या साखळ्या एका टोकाने रोवायच्या, त्याही इतक्या दाट की त्यांना आडवं पडायला जागाच राहू नये. मग त्या टूथब्रशच्या केसांसारख्या उभ्या राहतात. म्हणून त्या लेपाला पॉलिमर ब्रश म्हणतात. साखळ्या आपल्यात पाणी धरून ठेवतात आणि प्रथिनं त्या पाण्यापाशी येऊन परत जातात.

लेप जमला की नाही ते बघायला आम्ही हिरवी चमकणारी प्रथिनं वापरायचो. काचेच्या तुकड्याचा अर्धा भाग लेपाचा, अर्धा कोरा. सूक्ष्मदर्शकाखाली कोरा भाग हिरवागार दिसायचा आणि लेपाचा भाग काळा. काळा दिसला की आम्ही खूश. पण तोच तुकडा बरेच दिवस खाऱ्या पाण्यात ठेवून पुन्हा बघितला की कडेकडेने हिरवे ठिपके उगवलेले असायचे. साखळ्या कुठे तरी सुटलेल्या असायच्या. मग पुन्हा पहिल्यापासून. माझ्या प्रबंधातलं शेवटचं प्रकरण त्या ठिपक्यांवर होतं.

म्हणून डॉक्टरांनी ती नळी हातात दिली तेव्हा मला तिच्यावर आधी तो हिरवा रंगच दिसला. मी विचारलं, "हिच्यावर आतून काही लेप असतो का? प्रथिनं बसू नयेत म्हणून?"

"जंतू मारणारं औषध भरलेल्या नळ्या मिळतात, आपण तसलीच वापरू," ते म्हणाले. "पण तुम्ही म्हणताय तसा लेप अजून प्रयोगशाळेतच आहे. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल."

मला माहीत होतंच.

ऑपरेशन चांगलं झालं. मुलीची टाळू खाली बसली, डोळे सरळ बघू लागले. घरी पेढे वाटले. डॉक्टरांनी आम्हाला घरी सोडताना बजावलं होतं की उलट्या, डोकेदुखी, जास्तीची झोप, यातलं काहीही दिसलं तर लगेच घेऊन या. कुठल्या घरातलं लेकरू उलटी करत नाही? आणि झोपत नाही?

माझी त्यानंतरची वर्षं या एका वाक्यावर गेली. मी गावाजवळच्या कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. फळ्यावर लिहिताना माझा मोबाईल टेबलावर उताणा ठेवलेला असायचा. मुलगी दुपारी नेहमीपेक्षा जास्त झोपली की मी तिच्या पायाला गुदगुल्या करून उठवायची. ती रडली की बरं वाटायचं, कारण रडणं जोरात असायचं. आत्याबाई कुरकुरायच्या, "निजू दे की गं लेकराला. किती येळा उठवतीस?"

एकदा बाजारच्या दिवशी तिने भेळ खाल्ली आणि संध्याकाळी दोनदा ओकली. मी कुणाचं ऐकलं नाही. नगरला नेलं, स्कॅन झाला, सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, "पोट बिघडलंय. नळी उत्तम चालू आहे." नंतर एकदा ताप आला तेव्हाही तसंच. पुढे एकदा नुसतं डोकं दुखतं म्हणाली तेव्हाही. नवरा कधी बोलला नाही. पण तिसऱ्या वेळी शेजाऱ्यांच्या गाडीची किल्ली घेऊन निघताना त्याने आईकडे पाहिलं आणि आत्याबाईंनी मान खाली घातली, ते मला दिसलं. मी जास्तच भित्री आहे असं त्यांनी धरलं होतं. त्यांच्या जागी मीही तसंच धरलं असतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर तो चमकणारा हिरवा रंग नव्हता. मी तिच्या केसांना तेल लावताना त्या उंचवट्यावरून बोट फिरवायची आणि मनात यायचं, आत्ता, या क्षणी, आत काय बसतंय?

ती पहिलीत गेली त्या हिवाळ्यात ते घडलं, आणि मी ज्याची वाट बघत होते तसं घडलं नाही. उलटी नाही, डोकेदुखी नाही. शनिवारची सकाळची शाळा होती. मी घरीच होते. ती आली, दप्तर टाकलं आणि ओट्यावर बसून अंगणात बघत राहिली. मान एका खांद्याकडे कललेली. दोन-तीन दिवसांपासून ती टीव्ही बघताना अशीच मान वाकडी करायची. आत्याबाईंनी तिला त्यावरून टोकलंही होतं.

"मान सरळ कर," मी म्हणाले.

"सरळ केली की दोन मनीमाऊ दिसतात."

अंगणात आमचं एकच मांजर बसलं होतं.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि माझं बोट तिच्या डोळ्यांसमोरून बाजूला नेलं. डावा डोळा बोटाबरोबर गेला. उजवा अर्ध्या वाटेत थांबला, पुढे जाईचना. मी हाक मारली तर आत्याबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या.

"काय झालं?"

"तिला दोन दिसतंय. नळी बंद पडलीय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील, पुन्हा सुरू झालं हिचं. पण त्यांनी मुलीकडे पाहिलं, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "त्याला फोन लाव. मी बी येते."

नवरा उसाच्या फडात होता. तोड चालू होती. तो मोटरसायकलवर तसाच आला, अंगावर पाचटाचा कचरा. त्याने काही विचारलं नाही, शेजाऱ्यांची गाडी काढली. आत्याबाई पुढे बसल्या, मी मुलीला मांडीवर घेऊन मागे.

घोडेगावपर्यंतचा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी भरला होता. दोन-दोन ट्रेलर ओढत ते रांगत चालले होते आणि पुढे जायला वाव नव्हता. नवरा हॉर्न वाजवत होता. मुलगी माझ्या दंडावर डोकं टेकून बसली होती. हमरस्त्याला लागलो तेव्हा तिने डोळे मिटले.

"झोपू नकोस बाळा. शाळेत आज काय शिकवलं?"

"काही नाही."

"कविता म्हण ना मला."

तिने दोन ओळी म्हटल्या आणि थांबली. मी गालावर थोपटलं. "पुढची?"

"मला झोप आलीय."

"पडू दे की जरा," आत्याबाई पुढून म्हणाल्या.

"नको. झोपू द्यायचं नाही," मी जवळजवळ ओरडलेच. आत्याबाई मागे वळल्या, आणि मग त्यांनीच तिचा पाय धरून हलवायला सुरुवात केली. "उठ गं माझी बाय, ते बघ, मेंढरं आली. बघ किती हायेत ती." इमामपूरच्या घाटात खरंच मेंढरांचा कळप रस्त्याच्या कडेने चालला होता. मुलीने डोळे उघडले, एक डोळा हाताने झाकला आणि बघितलं. एक डोळा झाकला की एकच दिसतं हे तिचं तिनेच शोधून काढलं होतं. कधी, ते देव जाणे. मला ते बघवेना.

घाट उतरताना तिने उलटी केली, माझ्या अंगावर, एकदम, मळमळ न होता. नवऱ्याने आरशातून पाहिलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

हॉस्पिटलात पोचल्यावर पुढचं झपाट्याने झालं. स्कॅन झाला. डॉक्टरांनी पडद्यावर जुना आणि नवा असे दोन फोटो शेजारी शेजारी लावले. मधल्या पोकळ्या जुन्या फोटोत काजूएवढ्या होत्या. नव्यात त्या फुगून बाजूच्या मेंदूला दाबत होत्या.

"वरचं टोक बंद झालंय," ते म्हणाले. "लगेच बदलू. उशीर केलेला नाही तुम्ही."

"डोळा?" नवऱ्याने विचारलं.

"दाबामुळे डोळ्याची नस अडकलीय. दाब कमी झाला की बहुतेक येईल. वेळ लागेल."

तिला आत नेलं तेव्हा ती अर्धवट गुंगीत होती. तिच्या वेण्या मी सोडल्या, कारण केस कापावे लागणार होते. रिबिनी माझ्या मुठीत राहिल्या.

बाहेर बाकड्यावर आम्ही तिघं बसलो. नवरा उठून फेऱ्या मारायला लागला, मग जिन्यापाशी जाऊन उभा राहिला. आत्याबाई आणि मी उरलो. बराच वेळ त्या पदराचा काठ दुमडत होत्या. मग म्हणाल्या, "तू पुण्याला शिकत हुतीस, ते नळीचंच ना?"

"हो."

"काय करीत हुतीस म्हंजे?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. मी सांगायचा प्रयत्न केला. नळीवर काहीतरी चिकटतं, ते वाढतं आणि भोकं बुजतात. ते चिकटू नये म्हणून आम्ही वर एक दाट लव उगवायचो, मखमलीसारखी, ओली राहणारी.

"मंग आपल्या पोरीच्या नळीला ती का न्हाई लावली?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं.

"ती टिकत नाही अजून, आत्याबाई. काचेवर, भांड्यातल्या पाण्यात ठीक असते. काही दिवसांनी कुठं कुठं सुटते. माणसाच्या डोक्यात वर्षानुवर्षं टिकली पाहिजे. सुटलेले तुकडे कुठं जातील तेही बघावं लागतं. असं अर्धवट लेकरांच्या डोक्यात कसं घालायचं?"

"दुसरं कुनी करतंय का?"

"करतायत. बऱ्याच ठिकाणी."

"करू देत," त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या हाताला अजून कणकेचा वास होता. डॉक्टर येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. त्याही इतक्या घाबरल्या असतील हे मला तोवर कळलं नव्हतं.

डॉक्टर बाहेर आले ते हातात झाकणाची एक छोटी डबी घेऊनच. "व्यवस्थित झालं," त्यांनी आधी सांगितलं. नवरा जिन्यापासून धावत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मग डॉक्टरांनी डबी माझ्यापुढे केली. "ही जुनी. जंतू आहेत का ते तपासायला पाठवतोय. तुम्हाला बघायचं असेल तर बघा, झाकण मात्र उघडू नका."

मी डबी उजेडाकडे धरली. बोटाच्या पेराएवढा नळीचा तुकडा होता. त्याच्या बाजूला बारीक भोकांच्या रांगा असतात, त्यांतून पाणी आत शिरतं. भोकं दिसत नव्हती. त्यांच्या जागी मळकट पांढरी, सायीसारखी पुटं होती आणि एका बाजूला गुलाबी तंतू. हिरवं काहीच नव्हतं. मी सूक्ष्मदर्शकाखाली इतकी वर्षं जे बघितलं ते सुंदर दिसायचं, आम्ही त्याचे फोटो काढून भिंतीला लावायचो. हे माझ्या मुलीच्या डोक्यातून निघालं होतं. मी डबी परत दिली.

"आता घातलीय तीही अशीच का?" मी विचारलं.

"तशीच. ताई, हीच नळी कित्येकांना वर्षानुवर्षं चालते. मोठी होतात, लग्नं होतात त्यांची."

"आणि कुणाला किती चालेल ते आधी सांगता येत नाही."

"नाही," ते म्हणाले. "ते नाही सांगता येत."

तपासणीत जंतू निघाले नाहीत. शुद्धीवर आल्यावर मुलीने नर्सकडे बघून, "दोन बायका आहेत," असं सांगितलं तेव्हा मी कोसळले. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं विसरले. नवऱ्याने मला खांद्याला धरून बाहेर नेलं. "वेळ लागंल म्हनले ना ते," तो म्हणत राहिला, स्वतःलाही सांगत असल्यासारखा. पुढे डोळा हळूहळू सुधारला. रोज सकाळी मी बोट बाजूला न्यायची आणि उजवं बुबुळ आदल्या दिवशीपेक्षा केसभर पुढे सरकलं का ते बघायची. एक दिवस ते पार कोपऱ्याला पोचलं. आत्याबाईंनी त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या, कारण कुणाला न सांगता.

मी प्रयोगशाळेत फोन केला तो त्यानंतर. माझे मार्गदर्शक निवृत्त झालेले. एक विद्यार्थिनी बोलली. ती आता सपाट तुकड्यांवर नाही, खऱ्या सिलिकॉनच्या नळीत आतून लेप उगवते आणि त्यातून पाणी सोडत ठेवते. मी विचारलं, "ठिपके येतात का?"

ती जरा थांबली. "येतात मॅडम. पण तुमच्या फोटोंपेक्षा कमी."

मला आनंद झाला. पण तिच्या कमी ठिपक्यांचा माझ्या मुलीला उपयोग होईल की नाही, होईल तोवर ही नळी टिकेल की नाही, यातलं काहीच मला मोजता येत नव्हतं.

यंदा तिच्या शाळेची सहल खर्ड्याच्या किल्ल्यावर निघाली. मी नाही म्हणाले. लांबचा प्रवास, तटावरची चढउतार, डोक्याला लागलं तर? आत्याबाई या वेळी माझ्या बाजूने होत्या. नवरा म्हणाला, "तिला कळू लागलंय आता. तिला इचार."

मी विचारलं. ती म्हणाली, "तुला भीती वाटते म्हणून मी जायचं नाही का?"

मी तिच्या बाईंना भेटून काय दिसलं तर काय करायचं ते समजावलं, दोन फोन नंबर दिले आणि तिला जाऊ दिलं. त्या दिवशी कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. मुलं ब्युरेट भरत होती आणि मी दर थोड्या वेळाने खिडकीपाशी जाऊन मोबाईलला रेंज आहे ना ते बघत होते. फोन आला नाही. फोन न येण्यानेही मी घाबरत होते.

दिवेलागणीला बस आली. मुली गलका करत उतरल्या. माझी मुलगी शेवटी आली, बाईंच्या कडेवर, गाढ झोपलेली.

"दिवसभर पळालीय," बाई म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागला तिचा."

मी तिला घेतलं आणि हलवलं. ती उठेना. मी जोरात हलवलं, नावाने हाक मारली. तिने डोळे उघडले, दोन्ही सरळ, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"कशाला उठवलंस?" ती चिडून म्हणाली. "मला झोपायचंय."

"झोप," मी म्हणाले. नवऱ्याने तिला माझ्याकडून घेतलं आणि खांद्यावर टाकलं. मी तिचं दप्तर आणि चपला उचलल्या आणि तिच्या तोंडाकडे बघत त्याच्या मागून चालू लागले.